अहाब राजा आणि याकूबभाऊंचं अळू

मंदीत नोकरी गेली असं सांगितलं की माणसं पुढे काही विचारत नाहीत. दोन हजार आठ-नऊमध्ये दुबई-शारजातून उखडलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा. तो 'मंदी' म्हणतो, समोरचा 'अरेरे' म्हणतो, विषय खलास. माझीही तशीच गेली, मार्च दोन हजार नऊमध्ये. आता मी गल्फमध्येच, रुवैसला एका लेबर कॅम्पचं ॲडमिन बघतो, एका खोलीत राहतो, स्वतःची डाळ स्वतः करपवतो. बायको आणि मुलगी पुण्याला. ते सगळं मंदीच्या खात्यावर घाला, माझी हरकत नाही.

पण आमच्या कंपनीतल्या याकूब नवगावकरांची नोकरी मंदीत गेली नाही. ती मी घालवली, आणि तीसुद्धा अळवाच्या वाफ्यासाठी! हसा, हसा. मीही सुरुवातीला हसूनच सांगायला बसतो.

आमची कंपनी ऑफिसांचं इंटिरियर करायची. वर्कशॉप शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आणि गिऱ्हाइकं बहुतेक दुबई सिलिकॉन ओएसिसमधली. मी तिथे ॲडमिन मॅनेजर. म्हणजे हजेरी गणू नावाचा टाइमकीपर बघायचा, व्हिसाची कामं पी.आर.ओ. बघायचा आणि मी त्या दोघांकडे बघायचो. याकूबभाऊ स्टोअरकीपर. मी जन्मभर पुण्यात काढून तिथे गेलो तेव्हा त्यांची वीस वर्षं त्या स्टोअरमध्ये झाली होती. डोळे मिटून स्क्रू हातात घ्यायचे आणि सांगायचे, "पाऊण इंची, आठ नंबर, आणि गिऱ्हाइकाला सांग की हा गंजणारा आहे." कुणी ड्रिलचं पातं न पुसता परत केलं तर बोलायचे नाहीत. स्वतः पुसायचे, त्याच्या समोर, सावकाश. पुढच्या वेळी तो माणूस शर्टाला पुसून पातं द्यायचा.

माणूस अलिबागजवळच्या नवगावचा. याकूब नाव, कोकणातला, त्यामुळे सगळे त्यांना रत्नागिरी-रायगडच्या मुसलमानांतलेच धरून चालायचे. ते मुसलमान नव्हते. बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू. शेकडो वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि त्यांचे पूर्वज तिथेच राहिले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' नाव दिलं. याकूबभाऊंनी हे लपवलं नव्हतं आणि मिरवलंही नव्हतं. विचारलं की सांगायचे. पण गल्फमध्ये माणूस माणसाला पगार विचारतो, बाकी काही विचारत नाही.

कारपेंटरांचा फोरमन हमदुल्ला, रत्नागिरीचा, त्यांचा रूममेट होता. त्याला सगळं ठाऊक होतं. तो चिडवायचा, "आमचा शनवारचा नवाब!" कारण याकूबभाऊ शनिवारी काम करायचे नाहीत. आमची सुट्टी शुक्रवारची, शनिवार कामाचा. आताच्या मालकाच्या वडिलांनी, ते हयात असताना, फार पूर्वी त्यांना तोंडी सांगून ठेवलं होतं, 'याकूब, तू शुक्रवारी एकटा येऊन स्टॉक मोज, शनिवारी बस घरी.' त्याप्रमाणे बावीस वर्षं चाललं होतं. कागदावर कुठे एक ओळ नव्हती. शुक्रवारी पंचिंग मशीन बंद असायचं, त्यामुळे त्यांचा शुक्रवार कुठेच उमटायचा नाही आणि शनिवारी मात्र दर आठवड्याला गैरहजेरीची फुली पडायची. ती फुली कशासाठी आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला तर नक्कीच.

कंपनीचा एक जुना व्हिला होता. वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो: मी, बायको सुचित्रा आणि नऊ वर्षांची ईश्वरी. खाली मागच्या खोलीत याकूबभाऊ आणि हमदुल्ला. त्या खोलीमागे पंधरा पावलांचं अंगण होतं आणि अंगणात याकूबभाऊंचा मळा. एक शेवगा, दोन कढीपत्ते, पुदिना आणि भिंतीच्या सावलीत अळू. हे एवढं मोठं, हत्तीच्या कानाएवढं पान! शारजाच्या वाळूत! सगळ्या व्हिलातल्या ए.सी.च्या पाइपांना त्यांनी नळ्या जोडून ते ठिबकणारं पाणी वाफ्यात सोडलं होतं. उन्हाळा जितका कडक, ए.सी. तितके जास्त आणि अळू तितकं जोरात. सुचित्रा सुपरमार्केटात अळूची जुडी बघून किंचाळायची, "सात दिरहम? म्हणजे ऐंशीच्या वर रुपये! सहा पानांना!" आणि घरी येऊन खाली हाक मारायची. पाच मिनिटांत जुडी वर. याकूबभाऊंनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

आता माझं पाप ऐका.

मे महिन्यात मी गाडी घेतली. चांदीच्या रंगाची, उंच, वाळूच्या टेकड्या चढणारी. मी तिच्यातून दही आणायला जायचो. पण जूनमध्ये ती गाडी गल्लीत उन्हात उभी राहायची आणि स्टिअरिंगला हात लावला की तव्याला लावल्यासारखा चटका बसायचा. ईश्वरी मागच्या सीटवर बसायलाच तयार नसायची. "बाबा, इट्स बर्निंग माय लेग्ज!" शेड हवी होती. आणि शेडला जागा एकच, मागचं अंगण. त्याला गल्लीकडून फाटकही होतं. वरच्या खिडकीतून मी रोज खाली बघायचो. अळूच्या जागी मला गाडी दिसायची.

सुचित्रा म्हणाली, "मग विचारा ना त्यांना."

विचारा! मी मॅनेजर, ते स्टोअरकीपर. मी जाऊन हात पसरू? बरं, हुकूम काढावा तर अख्खा व्हिला त्या अळूवर जगलेला. सगळे म्हणणार, सदानंदनं म्हाताऱ्याचा वाफा उखडला. तेही नको. मला ते अंगण मागून नको होतं आणि ओरबाडूनही नको होतं, ते आपोआप मिळून हवं होतं. तरी दोनदा गेलो खाली. एकदा घसा खाकरून म्हटलं, "याकूबभाऊ, ही जागा तशी ऐसपैस आहे हो." ते म्हणाले, "तर! घ्या," आणि जुडी हातात ठेवली. दुसऱ्यांदा म्हटलं, "उन्हाचा फार त्रास होतो." त्यांनी पुदिन्याचं सरबत करून पाजलं. मी वर आलो आणि आडवा झालो, भिंतीकडे तोंड करून. रात्री जेवलो नाही. सुचित्रानं वड्या केल्या होत्या, त्यांच्याच अळूच्या.

"अहो, आधी वडी खा आणि मग रुसा," ती म्हणाली. "चाळीस वर्षांचा घोडा! अंगणासाठी रुसून बसतो!" ईश्वरी दारात उभी राहून हसत होती. मी भिंतीकडेच बघत राहिलो. वडीचा वास फार छान येत होता, हे मात्र कबूल करतो.

सप्टेंबरात अमेरिकेत कुठली तरी बँक बुडाली. मी पेपर वाचून म्हटलं, आपल्याला काय त्याचं? नोव्हेंबरात कळलं काय त्याचं. सिलिकॉन ओएसिसमधली तीन ऑफिसं अर्धवट थांबली. तयार टेबलं प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर्कशॉपमध्ये पडून राहिली. एका सकाळी जनरल मॅनेजर विजयकुमारनं मला केबिनमध्ये बोलावलं. मद्रासकडचा माणूस, हिंदी तोडकी पण हिशेब पक्का.

"सदानंद, इलेव्हन नेम्स चाहिए. टेन फ्रॉम वर्कशॉप. वन, ॲडमिन या स्टोअर. और सुनो, पुराना आदमी होगा तो दो वॉर्निंग लेटर मंगता है. बडा मालिक पूछेगा."

वर्कशॉपची दहा नावं लिहायला मला अख्खी दुपार लागली, खोटं नाही सांगत. प्रत्येक नावाचं घर मला माहीत होतं. पण ती नावं कामाप्रमाणे निघाली, कुणावर खुन्नस नव्हती. अकराव्याला पेन थांबलं. ॲडमिन किंवा स्टोअर. म्हणजे गणू, याकूबभाऊ किंवा मी. खरं सांगायचं तर तिघांत सगळ्यात बिनकामाचा मी होतो, हे माझ्या टेबलालासुद्धा माहीत होतं.

मी खिडकीतून बघत राहिलो, आणि वर्कशॉपच्या खिडकीतूनही मला काय दिसावं, तर दूर व्हिलामागचं ते अंगण! स्टोअरकीपर गेला की खोली रिकामी. खोली रिकामी की अंगण रिकामं. मागायला नको, हुकूम काढायला नको. मंदी देणार, मी फक्त घेणार.

दोन वॉर्निंग लेटर मीच टाइप केली. एक जूनच्या तारखेचं, एक सप्टेंबरच्या. कारण: दर शनिवारी विनापरवाना गैरहजर. हजेरीपट सोबत जोडला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं आणि सगळंच खोटं होतं. एका पत्रावर माझी सही केली, दुसरं गणूपुढे सरकवलं. गणू चिपळूणचा, नुकतं लग्न झालेला. त्यानं पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"साहेब, शुक्रवारी ते येतात की."

"मशीनमध्ये दिसतं का?"

"नाही."

"मग? अकरावं नाव कुणाचं तरी लागणार आहे, गणू."

त्यानं सही केली. पेन त्यानं माझ्या हातात दिलं नाही, टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवलं. मला तेव्हा राग आला होता त्याचा.

याकूबभाऊंना टर्मिनेशनचं पत्र मिळालं रविवारी. त्यांनी चष्मा लावून उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मग समोरच्या पोराला हव्या होत्या तेवढ्या बिजागऱ्या मोजून दिल्या. मला वाटलं होतं, वर येतील, विचारतील, भांडतील. मी उत्तरं तयार ठेवली होती: वरून ऑर्डर आहे, माझ्या हातात काही नाही, इन्शाल्ला पुढे बघू. कुणी विचारलंच नाही.

बुधवारी आले, ते आमंत्रण घेऊन. "सुचित्राबाई, उद्या संध्याकाळी खाली या तिघंही. लेकीला मुलगा झाला. नवस होता, मलिदा करायचा आहे." सुचित्राला पत्राचं कळलं होतं, पण मंदीत गेले एवढंच. तिचे डोळे भरून आले. "अहो, या परिस्थितीत कशाला?"

"नवस बोललेला असतो, वहिनी. नोकरी गेली म्हणून देव उधार ठेवायचा?"

गुरुवारी ऊन उतरल्यावर आम्ही अंगणात चटया टाकून बसलो. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, आणि बाजूला पाच फळं. बेने इस्राएल लोकांचा हा नवस एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं असतो. याकूबभाऊंनी डोक्यावर टोपी घातली, एक गाणं म्हटलं, कुणाला कळलं नाही पण सगळे गप्प बसले. हमदुल्लानं फळं कापली. मग ईश्वरीनं नेहमीचा हट्ट धरला. "याकूब अंकल, किंग स्टोरी प्लीज!"

याकूबभाऊंचे आजोबा अलिबागकडे पेटी आणि झांजा घेऊन मराठीत कीर्तनं करायचे. विषय मात्र त्यांच्या पोथीतले जुने इस्राएलचे राजे. नातवाला सगळी पाठ होती.

"एलियाहूची रात्र आहे, मग अहाबाचीच सांगतो," ते म्हणाले. "इस्राएलचा राजा अहाब. राहायला हस्तिदंती महाल. पण महालाला लागून नाबोथ नावाच्या साध्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाची नजर त्यावर. म्हणाला, 'मला दे, मला भाजीचा वाफा करायचाय.'"

"व्हाय डिडन्ट ही जस्ट गो टु द सुपरमार्केट?" ईश्वरी म्हणाली.

"तेच तर! राजाला कोण सांगणार? नाबोथ म्हणाला, 'महाराज, वाडवडिलांची जमीन आहे, ती मी विकली तर देव मला विचारील.' झालं! राजा महालात आला, पलंगावर पडला, भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायचा नाही म्हणाला."

"लाइक बाबा!" ईश्वरी टाळी वाजवून ओरडली. "बाबा डिड द सेम! फॉर द पार्किंग!"

"ईश्वरी, गप्प बस," सुचित्रा म्हणाली, पण तीही हसत होती. हमदुल्ला हसला. याकूबभाऊसुद्धा हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. ते हसू माझ्याच कानाला बेसूर लागलं.

"मग राणी आली, ईजबेल. म्हणाली, 'राजा तू की मी? ऊठ, जेव. मळा मी आणून देते.' तिनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, राजाची मोहर मारली. दोन साक्षीदार उभे केले. ते म्हणाले, नाबोथ देवाला आणि राजाला शिव्या देतो. लोकांनी नाबोथाला गावाबाहेर नेलं आणि दगड मारून संपवलं. मग राजा उठला, जेवला, आणि मळा ताब्यात घ्यायला निघाला."

"अरे हरामखोर!" हमदुल्लाला राहवेना. दरवर्षी ऐकत असणार, तरी दरवर्षी चिडत असणार. तो माझ्याकडे वळला. "बोला साहेब! एवढा मोठा राजा, आणि भाजीच्या वाफ्यासाठी! काय करायला पाहिजे असल्याचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडात मलिदा होता. काय म्हणणार होतो मी? मी म्हटलं, आणि चांगलं ठासून म्हटलं, "जनाची नाही, मनाची तरी लाज वाटायला हवी होती मेल्याला. गादीवरून खाली ओढला पाहिजे."

"वाह!" हमदुल्ला म्हणाला.

"एलियाहू त्याला मळ्यातच भेटला," याकूबभाऊ खाली बघून फळांच्या साली गोळा करत म्हणाले. "आणि राजाचं घराणं बुडालं. एवढीच आहे गोष्ट."

सुचित्राचा हात ताटात थांबला होता. ती म्हणाली, "याकूबभाऊ, तुमच्या पत्रात कारण काय दिलंय हो?"

"शनवार," ते म्हणाले. "दोन वॉर्निंगा दिल्या म्हणे. टपालात हरवल्या असतील."

सुचित्रा त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिनं ईश्वरीचा हात धरला, नमस्कार केला आणि वर गेली. मी पाठोपाठ गेलो. दार लावलं आणि तिनं विचारलं, "दोन पत्रं कुणी लिहिली?"

"मंदी आहे, सुचित्रा. कुणाचं तरी नाव..."

"कुणी लिहिली?"

"मी."

"गोष्टीत निदान राणीनं लिहिली. तुम्हाला तर बायको म्हणत होती, विचारा. नुसतं विचारा!" तिचा आवाज फुटला. "मी त्या माणसाचं अळू खाल्लंय दोन वर्षं. माझी मुलगी त्याच्या मांडीवर गोष्टी ऐकते. शनिवारी जा आणि ती पत्रं मागे घ्या. नाही तर मला त्यांच्या समोरून जिना उतरता येणार नाही."

गेलो. शनिवारी सकाळी विजयकुमारच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो. म्हटलं, चूक झाली, याकूब शुक्रवारी काम करतो, पत्रं मागे घ्यायची आहेत. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "नो प्रॉब्लेम. कॅन्सलेशन पेपर अभी पी.आर.ओ. के पास है. मैं अभी रोक देता है. लेकिन इलेव्हन इज इलेव्हन. स्टोअर नहीं, तो ॲडमिन. नाम बोलो."

त्यानं पेन उघडलं.

किती सोपं होतं बघा. गणूचं नाव घ्यायचं तर ते आणखी एक पाप. राहिलं एकच नाव, सदानंद, चार अक्षरी. माझ्या डोळ्यांपुढे ईश्वरीची शाळा आली, गाडी आली, पुण्यातले नातेवाईक आले, 'काय रे, परत आलास?' विचारणारे. बाहेर कुणीतरी करवत चालू केली. विजयकुमार वाट बघत होता, आणि तो खरोखर वाट बघत होता, बिचारा. एक मिनिट तरी गेलं असेल.

मी म्हटलं, "राहू दे. आहे तेच ठीक आहे."

"शुअर?"

"शुअर."

बाहेर आलो तर गणू हजेरी भरत होता. शनिवार होता, त्यामुळे त्यानं नवगावकरांच्या नावापुढे फुली मारली. त्यानं वर बघितलं नाही.

घरी मी सांगितलं, "उशीर झाला, कागद पुढे गेले." सुचित्रानं ऐकलं. विश्वास ठेवला की नाही ते मला आजतागायत ठाऊक नाही, आणि विचारायची हिंमत झालेली नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी याकूबभाऊंचं विमान होतं. हमदुल्लाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी म्हटलं, मी सोडतो. एका मोठ्या बॅगेत बावीस वर्षं बसली होती. गाडीत ते पुढे बसले, ए.सी.च्या झरोक्यापुढे हात धरून म्हणाले, "छान गार होते हो." मी खोकलो. रस्त्यात ते मला सांगत होते की पुदिन्याला पाणी कमी लागतं, शेवग्याला अजिबात नको, अळूला मात्र रोज. मी मान हलवत होतो. विमानतळाच्या पार्किंगमध्ये धूळ बसलेल्या गाड्या उभ्या होत्या. मालक कर्जाला भिऊन किल्ल्या आत टाकून पळून गेले होते म्हणे. बॅग ट्रॉलीवर ठेवली आणि माझ्यानं राहवेना.

"याकूबभाऊ, ती पत्रं..."

"टर्मिनेशनच्या पत्रात दोन्ही तारखा आहेत. जूनचं पत्र तुम्ही लिहिलंत," ते म्हणाले. "जूनमध्ये गणू चिपळूणला होता, लग्नाला. सही तुमचीच असणार, आणि मग सप्टेंबरचंही तुम्हीच लिहिलेलं."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? त्या दिवशी? गोष्ट सांगताना?"

"नवसाला एलियाहूच्या वेळची गोष्ट सांगायची असते. ठरवून सांगितली असं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "खोटं कशाला बोलू? थोडी ठरवून सांगितली."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी म्हटलं, "मला ती जागा हवी होती. गाडीला."

"ते ठाऊक होतं हो. अख्ख्या व्हिलाला ठाऊक होतं." ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, एखादी बिजागरी उलट बसवलेली दिसावी तसे. "पण सदानंदराव, अहाबानं निदान विचारलं. नाबोथाला नाही म्हणणं भाग होतं, त्याची वाडवडिलांची जमीन. माझं काय होतं तिथे? कंपनीची वाळू आणि तुमच्या ए.सी.चं पाणी. तुम्ही एकदा म्हणाला असतात तर अळू कुंड्यांत हलवलं असतं एका शुक्रवारी. शेडचे पाइपसुद्धा मीच कापून दिले असते, स्टोअरमध्ये तुकडे पडून होते."

मी ट्रॉलीचा दांडा धरून उभा होतो. माझ्यामागे हॉर्न वाजत होते, कुणीतरी 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला लवकर, असं ओरडत होतं. शनिवारची ती केबिन, ते उघडं पेन, ते एक मिनिट, हे त्यांना सांगावं असं फार वाटत होतं आणि सांगवत नव्हतं. शेवटी एवढंच निघालं, "मला माफ करा."

"मागितलीत?"

"हो."

"मग दिली," याकूबभाऊ म्हणाले आणि माझ्या हातातून दांडा सोडवून घेतला. "एवढंच तर करायचं होतं."